हिरोची मुदत ठेव

2016 साली 'सैराट' आला. त्यातला हिरो म्हणे कुठल्याशा रेल्वे स्टेशनवर नजरेस पडला होता. ही वार्ता परळीच्या लाइनीने आमच्या घाटनांदूरला पोचली आणि तेव्हापासून गाडी नसतानाही फलाटावर पोरं उभी राहू लागली. केसांची झुलपं, डोळ्यांवर गॉगल, नजर सिग्नलच्या पलीकडे. दिग्दर्शक काही उतरला नाही. परळीहून पाहुणे तेवढे उतरत.

हे फुकटात चाललं होतं तोवर माझी काही तक्रार नव्हती. पण आता मोबाइलवर 'निवड झाली, चाळीस हजार भरा' असे निरोप येतात आणि पोरांचे बाप माझ्या खिडकीशी येऊन ठेवी मोडतात. इथे मात्र मी भांडणार. अनुभवाने भांडणार!

कारण 2003 साली, बी. कॉम. होऊन रिकामा बसलो असताना, मीही मुंबईला गेलो होतो. मी अमोल पालेकरांसारखा दिसतो, असं एका मित्राचं मत होतं. (बाजूने, आणि संध्याकाळी.) अंधेरीत एका गृहस्थाने फोटोंच्या अल्बमसाठी साडेतीन हजार मोजून घेतले आणि म्हणाला, "आता चेहऱ्यावर दुःख आणा." पैसे नुकतेच दिले होते, दुःख ताबडतोब आलं. "वा!" तो म्हणाला. पुढच्या महिन्यात गेलो तर तिथे शिंप्याचं दुकान! अल्बम अजून माळ्यावर आहे.

"पण पालेकर बँकेतच क्लार्क होते ना?" पोरं विचारतात. होते की! पण 1974 च्या 'रजनीगंधा'आधी सत्यदेव दुब्यांच्या हाताखाली नाटकं करत होते. आपला शिवाजीराव गायकवाड बंगलोरला बसकंडक्टर होता, पण रजनीकांत होण्याआधी मद्रासला जाऊन रीतसर अभिनय शिकला. निळू फुले बागकाम करत, तेही खरं; सोबत सेवा दलाच्या कलापथकात किती वर्षं घासली, ते कोण सांगतो? लोकांना गोष्टीतला कंडक्टर तेवढा आठवतो, तालीम वगळून!

आणि मुळात रीत काय? दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, तेव्हा त्यांनी हॉटेलातल्या साळुंक्यांना गाठलं आणि हॉटेलातल्यापेक्षा जास्त पगार देऊ केला. देऊ केला, घेतला नाही! याच साळुंक्यांनी पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोघंही रंगवली. फाळक्यांना पैशाची चणचण काय कमी होती? तरी त्यांनी साळुंक्यांकडे नोंदणी फी मागितली नाही. जो नटाकडून पैसे घेतो तो निर्माता नव्हे, गिऱ्हाईक शोधणारा दुकानदार. त्याचा धंदा तुमच्या पोराच्या फोटोवरच चालतो, सिनेमा काढायची त्याला गरजच काय?

परवा एक मामा आले. पावती पुढे सरकवली. "मोडून द्या सायब. पोरगं लई मागं लागलंय. ममईला निवडलंय म्हणं."

ठेव बोअरसाठी ठेवलेली. मी पावती उलटीसुलटी केली.

"मामा, सही जुळत नाही."

"अंगठा हाय सायब."

"तोही जुळत नाही. सोमवारी या. आणि पोराला घेऊन या."

माळ्यावरचा अल्बम आजच खाली काढून ठेवला आहे.