रात्रीचं पाजणं आणि वरचे चार दात

वर्ष-दीड वर्षाच्या बाळाचे वरचे पुढचे दात तपकिरी पडून झिजायला लागले, की घरात आणि पुष्कळदा दवाखान्यातही पहिला संशय आईच्या दुधावर जातो. ‘रात्रीचं अंगावरचं तोडा’ असं तिला लगेच सांगितलं जातं. हा सल्ला अगदीच निराधार नाही, म्हणून तर तो नीट तपासायला हवा. माझं म्हणणं एवढंच, की किडीचा सगळा दोष रात्रीच्या दुधावर टाकणं चूक आहे, आणि दूध तोडण्याआधी जे करायला हवं ते आपल्याकडच्या बहुतेक घरांत केलंच जात नाही.

दातावर साचलेल्या चिकट थरात जंतू राहतात. त्यांतले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे मुख्य. साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात, आणि पीएच साडेपाचच्या खाली उतरला की इनॅमलमधले क्षार विरघळू लागतात. लाळ हे आम्ल धुऊन काढते, पण झोपेत लाळ फारच कमी सुटते. खालच्या पुढच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं आणि लाळेच्या ग्रंथीही तिथेच जवळ असतात, त्यामुळे ते बहुधा वाचतात. वरचे चार मात्र उघडे पडतात. आता आईच्या दुधातही सुमारे ७ टक्के लॅक्टोज असतं, म्हणजे साखर आहेच. पण अमेरिकेत एरिक्सन आणि मझारी यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नुसत्या आईच्या दुधाने दात किडला नाही, आणि त्याच दुधात साधी साखर मिसळल्यावर तो झपाट्याने पोखरला गेला. प्रयोगशाळेतला दात म्हणजे बाळाचं तोंड नव्हे, हे खरं. तरी आपल्याकडे वर्षाच्या आतच बाळाच्या तोंडात काय काय जातं ते आठवून पाहा: मधात उगाळलेली गुटी, चहात बुडवलेलं बिस्किट, साखर घातलेलं वरचं दूध, खोकल्याचं गोड सिरप. (मध तर वर्षाच्या आत देऊच नये, पण त्याचं कारण दातांपेक्षा गंभीर आहे: बोट्युलिझमची विषबाधा.) या सगळ्यावर रात्रीचं दूध पडतं, आणि ठपका मात्र दुधावर येतो.

स्तनपानाचा कैवार घेणारे इथे एक युक्तिवाद करतात, की माणसाची पोरं हजारो वर्षं रात्री अंगावर पीत आली, तेव्हा कुठे दात किडत होते? त्या काळी बिस्किटं नव्हती, हे ते सोयीने विसरतात. आणि आजचा पुरावा त्यांना पूर्ण अनुकूलही नाही. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात पहिल्या वर्षातलं स्तनपान किडीपासून रक्षण करताना दिसलं. पण वर्षानंतरही पिणाऱ्या मुलांमध्ये किडीची शक्यता वाढलेली होती, आणि त्यातही रात्री किंवा वारंवार पिणाऱ्यांत अधिक. ब्राझीलमधल्या पेलोतास शहरात २००४मध्ये जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात तर आहारातल्या साखरेचा हिशेब धरूनही, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त अंगावर प्यायलेल्या मुलांत तीव्र किडीचं प्रमाण जास्त निघालं. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मग तोडावंच का? जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही स्तनपान सुरू ठेवायला सांगते. दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिनची पातळी रात्री जास्त असते, त्यामुळे रात्रीचं पाजणं थांबलं की अनेकींचं एकूण दूधच आटत जातं. शिवाय बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते ती संघटित क्षेत्रातल्या बाईला. शेतावर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या आईच्या बाळाला आई मुख्यतः रात्रीच मिळते. आणि अंगावरचं तोडलं की त्या जागी बहुधा येते ती बाटली, तीही गोड दुधाची. दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे, पण बाटलीत साखर घालण्यावर कोण लक्ष ठेवणार? किडीच्या भीतीने दूध तोडून बाळाला जास्त किडीकडे ढकलायचं, असा हा व्यवहार आहे.

त्याऐवजी पहिला दात दिसल्यापासून तो घासावा. दिवसातून दोनदा, त्यातली एक वेळ रात्रीच्या झोपेआधीची. मऊ ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी, १००० पीपीएमची फ्लोराइड पेस्ट. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या पालकांना शंका येणं रास्त आहे आणि त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पेस्ट ठरवावी. इतरांसाठी हिशेब सोपा: तेवढ्या पेस्टमध्ये साधारण दशांश मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, बाळाने ती गिळली तरी घाबरण्याजोगं नाही. घासल्यानंतर रात्रभर आईचं दूध सोडून दुसरं काही नको. झोपलेल्या बाळाला उठवून तोंड पुसत बसण्याची गरज नाही. थर आधीच निघाला असेल तर जंतूंना ठाव उरत नाही. बाळ रडेल, तोंड मिटून घेईल, पण लसीलाही ते रडतंच. आणि पाजणं आईलाच करावं लागतं, घासणं बाबांनाही जमतं, आजोबांनाही. दूध तोडायचा सल्ला देणाऱ्या घरातल्या मंडळींनी आधी ब्रश हातात घ्यावा, हे बरं.

‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ हे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, आणि ठणकणाऱ्या दाताने मूल ना जेवतं ना झोपतं. कीड सुरू होताना वरच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ उमटते. त्या टप्प्यावर फ्लोराइड वार्निश लावून ती थोपवता येते, कित्येकदा परतवताही येते. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत असते. दोन्ही वेळा बाळ आरोग्यसेविकेच्या समोर असतं. तेव्हा त्याचा वरचा ओठ उचलून पाहायला सांगा, आणि तोवर घरी महिन्यातून एकदा तुम्हीच पाहा.