मीटरमधली नोंद आधी ग्राहकाची

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महावितरण, प्रकाशगड, मुंबई



हे पत्र उमरेडहून लिहितो आहे. मीटर बसवू नका, असे माझे म्हणणे नाही. 2024 साली प्रीपेड स्मार्ट मीटरला विरोध पेटला, सामान्य ग्राहकांकडे ते लावणार नाही असे सरकारने जाहीर केले आणि पुढे पोस्टपेड टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर आले. या सगळ्यात भांडण झाले ते बिलाचे. मीटरमध्ये आमच्या घराची जी नोंद साठते, ती कोणाची, हे मात्र कोणी विचारले नाही.

जुने मीटर महिन्याला एक आकडा द्यायचे. नवे मीटर ठरावीक मिनिटांनी वापर टिपते आणि आपणहून पाठवते. ती नोंद वाचायला अभियंता लागत नाही. कोळसा खाणीत पाळीवर जाणाऱ्याच्या घरी पहाटे पाण्याचा हीटर लागतो. पाळी बदलली की हीटरची वेळ बदलते. मे महिन्यात कुलर कोणत्या रात्री चाललाच नाही, हेही कळते. दिवसभर नुसता फ्रिज चालू असेल, तर घरात कोणी नाही. चार दिवस तसेच राहिले, तर दाराला कुलूप आहे. चोराला याहून अधिक काय हवे?

अमेरिकेतल्या नेपरव्हिल शहराच्या खटल्यात 2018 साली तिथल्या अपील न्यायालयाने दर 15 मिनिटांची अशी नोंद घेणे म्हणजे घराची झडतीच आहे, असे म्हटले. झडती वाजवी ठरली आणि योजना टिकली, पण तिला झडती म्हटले गेले. नेदरलँड्सच्या सिनेटने 2009 मध्ये स्मार्ट मीटरच्या सक्तीचे विधेयक अडवले. खासगीपण हे त्यातले मोठे कारण होते. आज तिथल्या मीटरला ग्राहकासाठी वेगळे पोर्ट असते. आपले यंत्र जोडायचे आणि आपला वापर थेट वाचायचा, कंपनीच्या सर्व्हरकडे जायची गरज नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते. वापर मोबाइल अ‍ॅपवर दिसतो, असे आपण सांगता. पण अ‍ॅप आपले, सर्व्हरही आपलाच. ग्राहकाने स्वतः पडताळायचे कशावर?

दुसरी गोष्ट दुरून वीज तोडण्याची. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. पूर्वी लाइनमन दारात यायचा, त्याच्याशी बोलता यायचे. आता मुंबईत बसून कळ दाबता येईल. म्हणून ती नोटीस कागदावर, हातात मिळाली पाहिजे. ज्या म्हातारीकडे साधा फोन आहे तिला एसएमएस पुरत नाही.

खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितले. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झाला. त्याच्या सगळ्या तरतुदी लागू होण्याची वाट पाहू नका. मीटर बसवायला येणाऱ्या माणसाच्या हाती ग्राहकासाठी मराठीत एक पान द्या: नोंद किती मिनिटांनी घेतली जाते, किती काळ ठेवली जाते, कंत्राटदाराच्या कोणत्या माणसाला ती दिसते, पोलिसांनी मागितली तर कोणाच्या लेखी आदेशावर देता. जाहिरात किंवा कर्जाच्या कंपन्यांना ती देणार नाही, हेही त्यावर लिहा आणि खाली अधिकाऱ्याची सही असू द्या. पुढच्या मीटर खरेदीच्या निविदेत ग्राहकाच्या पोर्टची अट घाला.

असे पान उमरेडच्या कार्यालयात ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी मी स्वतः शेजाऱ्यांना मीटर बसवून घ्यायला सांगेन.

आपला,
उमरेडचा एक वीजग्राहक