थेंबभर पाणी

“रविवारची मिस्सा आम्ही चुकवीत नाही, पण सोमवार ते शनिवारच्या रहाटगाडग्यात देव शोधावा कुठे?” ही तक्रार आपल्या धर्मग्रामांत वारंवार ऐकू येते. तक्रारकर्त्यांची क्षमा मागून सांगतो: देव हरवलेला नाही, आपणच त्याला चर्चच्या दाराआड कोंडून घरी आलो आहोत.

२०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण आटले होते. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या दिवसांत आपल्या आधी शेजारणीची घागर भरू देणे ही प्रार्थना नव्हती काय? आणि आजही नांदेडला गोदावरीच्या भरवशावर नळ वाहता सोडणे हे पाप नव्हे काय? पापनिवेदनाच्या वेळी ते आपल्या ओठांवर कधी आले आहे?

जपमाळ खाली ठेवा, असे मी म्हणत नाही. पण मत्तयच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या प्रसंगी नोव्हेनांची मोजदाद नाही. तहानलेल्याला पाणी पाजले की नाही, ही विचारणा आहे.

अर्पणविधीत याजक द्राक्षारसात थेंबभर पाणी मिसळतात. तो थेंब म्हणजे ख्रिस्ताशी एकरूप होऊ पाहणारे आपले मानवी जीवन. वेदीवर तो येतो कुणाच्या तरी घागरीतूनच. ज्याला घागरीत देव दिसत नाही, त्याला चषकात तरी तो कसा दिसावा?