गंज उघडल्याशिवाय भाव सांगू नका : जुन्या गाड्यांच्या पत्राकामाचा धंदा



या आठवड्याचा व्हिडिओ जुन्या गाड्या रिस्टोअर करण्याच्या धंद्यावर होता. व्हिडिओत बरंच बोलायचं राहिलं, ते इथे लिहितोय. पण आधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी मीच तुम्हाला सांगितलं होतं, "ग्राहकाला पॅकेज रेट द्या. एकच आकडा सांगा, गिऱ्हाईक पटकन हो म्हणतं." केक, मेंदी, एसी सर्व्हिसिंग अशा धंद्यांना तो सल्ला चालतो. जुन्या गाडीच्या पत्राकामाला अजिबात चालत नाही. माझं चुकलं आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

आपल्या बॅचमधला एक मुलगा. डेंटिंग-पेंटिंगचं छोटं गॅरेज, हाताखाली दोन माणसं. त्याच्याकडे एक प्रीमियर पद्मिनी आली. मालकाच्या वडिलांची गाडी, घरच्यांचा जीव त्या गाडीत. वरून बघितलं तर रंग उडालेला, दाराखाली थोडे फोड. पोराने माझं ऐकून एक आकडा सांगितला : ८० हजारांत पत्रा आणि पेंट, सगळं. मालक खूश, अॅडव्हान्स हातात.

रंग खरवडला तर खाली लांबी. लांबी खरवडली तर त्याखाली अजून जुनी लांबी. आणि तिच्याखाली पत्राच नाही! दाराखालच्या दोन्ही पट्ट्या सडलेल्या, ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ चाळणीसारखा, डिकीत स्टेपनीची जागा गेलेली. दीड-दोन आठवड्यांचं काम अडीच महिने चाललं. शेवटी हिशेब मांडला. रंग, पत्रा, गॅस, प्रायमर मिळून ३१ हजार. जुने पॅनल आणले त्याचे २२ हजार. दोन माणसांचा अडीच महिन्यांचा पगार ७५ हजार. एकूण १ लाख २८ हजार. हातात आले ८० हजार. म्हणजे ४८ हजार खिशातून गेले, आणि यात गाळ्याचं भाडं धरलेलंच नाही. बायकोच्या पाटल्या गहाण टाकून त्याने पगार केले. मालक तरीही नाराज, कारण त्याच्या दृष्टीने काम उशिरा झालं.

तो मला एवढंच म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, एक आकडा सांगा म्हणून." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आज माझं मत बदलून सांगतो. या धंद्यात पहिली विकायची गोष्ट म्हणजे तपासणी. ती फुकट करू नका, आणि ती झाल्याशिवाय पत्र्याचा भाव सांगू नका.

ही गाडी वरून का कळत नाही?

पद्मिनीचंच उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रात रिस्टोरेशनला ही गाडी हमखास येते. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. मूळ गाडी इटलीची फियाट ११००. आपल्याकडे १९६४ मध्ये तिचं डिलाइट मॉडेल आलं आणि पुढे १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं.

फियाटने १९५३ मध्ये ही ११०० नव्याने काढली तेव्हा तिला वेगळी चासी ठेवली नाही. जीपला खाली लोखंडी चासी असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. या गाडीत बॉडी हीच चासी. दाराखालची पोकळ पट्टी, जिला गॅरेजवाले सिल म्हणतात, तळाचा पत्रा आणि दारांमधले खांब, हे सगळे मिळून गाडीचं वजन पेलतात. त्यामुळे सिल सडली की गाडीचा कणाच कमजोर झाला. तिथे लांबी भरून रंग मारला तर गाडी छान दिसेल, पण आत बसणाऱ्याचा जीव धोक्यात आहे. हे मी नुसतं धंद्याचं म्हणून सांगत नाही.

गंज बहुतेक आतून बाहेर येतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला छोटी भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी दारातच साचतं. मॅटखाली ओल राहते. काचेचं रबर वाळलं की पाणी आत झिरपतं. मुंबई-कोकणात तर वर खारी हवा. बाहेर दिसणारा रुपयाएवढा फोड म्हणजे आत किती गेलंय, ते उघडल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तपासणी म्हणजे नक्की काय द्यायचं?

पैसे घ्यायचे तर त्याबदल्यात काहीतरी ठोस द्या. माझ्या मते एवढं तरी हवं :

१. मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या बॉडीवर फिरवा. जिथे धरत नाही, तिथे लांबी जाड आहे. खडूने खूण करा.

२. मॅट, सीट, डिकीतलं सामान काढा. तळाला आणि सिलला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडका बद्द वाजतो.

३. दारं उघडझाप करून फटी बघा. खाली आणि वर फट सारखी नसेल तर एकतर बिजागरी झिजली आहे नाहीतर बॉडी बसली आहे.

४. मालकाची लेखी परवानगी घेऊन आठ-दहा ठिकाणी रंग आणि लांबी खरवडून पत्रा उघडा करा.

५. प्रत्येक जागेचा फोटो, तारखेसह. शेवटी दोन पानी रिपोर्ट : काय चांगलं, काय दुरुस्त होईल, काय बदलावं लागेल.

याचे समजा ५ हजार घ्या. काम तुमच्याकडेच दिलं तर बिलातून वळते करा. तुम्ही म्हणाल, "सर, शेजारचा फुकट एस्टिमेट देतो, गिऱ्हाईक पळून जाईल." काही पळतील. पण मला सांगा, एक्स-रे न काढता ऑपरेशनचा खर्च सांगणाऱ्या डॉक्टरकडे तुम्ही जाल का? आणि जे गिऱ्हाईक ५ हजारांवरून पळतं, ते पुढे गंज निघाल्यावर वाढीव पैसे देणार होतं का?

ग्राहकाचीही बाजू आहे हं. "उघडल्यावर बघू" म्हटलं की त्याला वाटतं, आपला खिसा उघडा पडला. त्याची भीती खोटी नाही. म्हणून काम टप्प्यांत तोडा. पहिला टप्पा सिल आणि तळ, दुसरा दारं, तिसरा बोनेट-डिकी, चौथा रंग. प्रत्येक टप्प्याचा लेखी अंदाज, वरची मर्यादा ठरलेली. मर्यादा ओलांडायची वेळ आली तर काम थांबवून फोन करायचा, मालक हो म्हणाला तरच पुढे. त्यालाही झोप लागेल, तुम्हालाही.

पॅनल कुठून आणायचे, आणि आणायचे का?

नवीन माणसाची पहिली उडी बाजाराकडे असते. कुर्ल्याची भंगाराची दुकानं, चोर बाजार, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट. जा, जरूर बघा, ओळखी करा. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मुंबईत पद्मिनीचे पत्रे मिळायचे कारण काळी-पिवळी टॅक्सी. वीस वर्षांची मर्यादा पूर्ण झाली की टॅक्सी भंगारात जायची. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. म्हणजे तो झरा आता आटणार. शिवाय टॅक्सीचा पत्रा म्हणजे वर्षानुवर्षांचे ठोके आणि रंगावर रंग. घेताना चुंबक तिथेही फिरवा.

म्हणून माझा क्रम असा :

पहिली पसंती गाडीचाच मूळ पॅनल. दाराची खालची चार इंच सडली म्हणून अख्खं दार बदलू नका. ते दार त्या गाडीला बसलेलं आहे, फटी जुळलेल्या आहेत. सडका भाग चकचकीत चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि नवा तुकडा कडेला कड लावून जोडा. गंजावर वरून ठिगळ मारलं तर मधे ओल अडकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत फोड परत.

दुसरी पसंती स्वतः बनवलेला तुकडा. २० गेजची सीआर शीट, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, बहुतेक बाहेरच्या पत्र्याला चालते. सिल आणि तळाला तिथल्या मूळ पत्र्याची जाडी मोजून तेवढीच घ्या. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग पत्रा. वेल्डिंग एका दमात ओढू नका, पातळ पत्रा तापून वाकडा होतो. लांब लांब टाके मारा, गार होऊ द्या, मग मधली जागा भरा.

तिसरी पसंती जुना मूळ पॅनल. चौथी फायबर, तीही फक्त बोनेट-डिकीसारख्या बोल्टवर सुटणाऱ्या भागाला आणि मालकाला स्पष्ट सांगून. सिल आणि तळाला फायबर कधीच नाही.

सिल बदलताना एका वेळी एकच बाजू कापा. आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून आधार द्या, गाडी सपाट जागेवर नीट टेकवा, आणि पक्कं वेल्डिंग करायच्या आधी दार लावून फट बघा. दोन्ही सिल एकदम कापल्या की बॉडी बसते, मग एकही दार लागत नाही.

पॅनल शोधायला निघालात तर मॉडेलची खात्री करा. सुरुवातीच्या ११०० ची पुढची दारं उलटी उघडायची, त्यांची बिजागरी मागच्या खांबावर. नंतरच्या डिलाइट-पद्मिनीची सरळ. ती एकमेकांना बसत नाहीत. प्रीमियर ११८ एनई ही कंपनी तीच असली तरी गाडी वेगळी, ती फियाट १२४ वरून आलेली. तिचे पत्रे पद्मिनीसाठी उचलून आणले तर पैसे पाण्यात. सोबत मोजपट्टी आणि पुठ्ठ्याचा साचा न्या. बिल घ्या. चासी नंबर पंच केलेला तुकडा कुठूनही आणू नका आणि गाडीवरचा कापू नका, आरटीओत अडचणीत याल. आणि शोधण्याची फी वेगळी लावा. तुमचे दोन दिवस आणि प्रवास, पॅनल मिळो वा न मिळो, खर्च होतोच.

गोडाउन भरायच्या मोहात मात्र पडू नका. गंजणारा माल साठवून कोणी श्रीमंत झालेलं मी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा धंद्याची संधी दुसऱ्या पसंतीत आहे. पद्मिनीच्या सिल, दाराची खालची पट्टी, तळाचे तुकडे यांचे साचे एकदा पक्के झाले की तेच तुकडे तुम्ही इतर गॅरेजना विकू शकता. पत्रा वाकवायचं मशीन सुरुवातीला जॉबवर्कने वापरा, ऑर्डर आल्यावर विकत घ्या.

लांबीबद्दल खरं बोला

लांबी वाईट नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर सगळेच देतात. सडक्या पत्र्यावर बोटभर लांबी म्हणजे फसवणूक. रंग मारायच्या आधीच्या उघड्या पत्र्याचे फोटो मालकाला द्या. तीच तुमची गॅरंटी आणि तीच जाहिरात.

अजून एक कारण आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार. सुरुवातीच्या पद्मिनी आत्ताच पन्नाशी ओलांडतायत. असे मालक मूळपणा जपणारा कारागीर शोधणार, आणि जुने फोटो, रिपोर्ट, बिलं त्यांना लागणार.

तो मुलगा अजून धंद्यात आहे. पाटल्या सुटल्या. आता गाडी आली की तो आधी चुंबक काढतो आणि पावती पुस्तक काढतो. काही लोक परत जातात, तो जाऊ देतो.

तुमच्यासाठी आजचं काम : एका पानावर तपासणीचा फॉर्म बनवा आणि स्वतःच्या किंवा मित्राच्या जुन्या गाडीवर भरून बघा. मगच दुकानाची पाटी रंगवायला टाका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.