गोणीवर न छापलेली किंमत



दिवाळी अंक आपल्या हाती पडतो तेव्हा कोकण-मावळात भाताची कापणी चालू असते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात याच दिवसांत कुरुवै हंगामाचा भात खळ्यावर असतो आणि सांबा हंगामाच्या भाताला शेतात फुटवे येत असतात. फुटव्यांच्या वेळी युरियाचा डोस चुकला, तर पोंगलनंतरच्या मळणीत उतारा घटतो. म्हणून तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनमच्या गावांत ऐन सणात सोसायटीच्या दारात खतासाठी माणसे उभी असतात. यंदाचे संपादकीय त्यांच्यासाठी आहे.

तंजावर म्हटले की आपल्याला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये मराठीत कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आठवतो. १८५५ पर्यंत टिकलेल्या त्या राज्याची तिजोरी भरली ती कावेरीच्या भाताने. त्या भाताची विचारपूस करणे हे मराठी माणसाचेही काम आहे.

आज हा भात नैसर्गिक वायूवर पोसला जातो. हवेतला नायट्रोजन आणि वायूतला हायड्रोजन प्रचंड दाबाखाली एकत्र आणून अमोनिया बनतो, अमोनियापासून युरिया. वायू हाच कच्चा माल आणि तोच इंधन. आपल्या युरिया कारखान्यांना लागणारा बराचसा वायू जहाजाने येतो, त्यातला मोठा वाटा कतारहून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. पोटॅश तर जवळजवळ सगळेच बाहेरचे. रशिया आणि बेलारूस हे त्याचे मोठे विक्रेते. २०२० मध्ये टनाला अडीचशे डॉलरच्या आत असलेला युरिया युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, एप्रिल २०२२ मध्ये, नऊशेच्या पुढे गेला. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणची लढाई जुंपली. इस्रायलचा वायू थांबताच इजिप्तमधले युरिया कारखाने बंद पडले आणि जगभर भाव उसळले.

तरीही पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे हाच भाव छापलेला राहिला. हे सरकारने केलेले मोठे काम आहे. त्यासाठी २०२२-२३ मध्ये सर्व खतांवरचे अनुदान सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर गेले. या व्यवस्थेचा पाया १९७७ मध्ये घातला गेला. १९७३ च्या तेलसंकटाने खते महागली, तेव्हा एस. एस. मराठे यांच्या समितीने कारखान्याचा खर्च आणि शेतकऱ्याचा भाव यांतली तफावत सरकारने भरून काढण्याची पद्धत सुचवली.

पण लढाईची किंमत शेतकऱ्याला दुसऱ्या वाटेने मोजावी लागते. डीएपी खताची गोणी १,२०० वरून १,३५० रुपयांवर गेली. पोटॅशची २०२२ मध्ये १,७०० पर्यंत पोचली. मग हात आपोआप स्वस्त युरियाकडे वळतो. पीक हिरवेगार दिसते, पण ते लोळते, त्यावर कीड पडते आणि जमिनीचा तोल जातो. माल कमी पडला की युरियाबरोबर नको असलेली औषधे गळ्यात मारली जातात. आपल्याकडचा शेतकरी याला ‘लिंकिंग’ म्हणतो. त्यातही सर्वांत जास्त भरडला जातो तो कुळाने शेती करणारा. कावेरीच्या प्रदेशात देवस्थाने आणि मठांच्या जमिनी पुष्कळ. कुळाकडून जमीन घेऊन कसणाऱ्या पोटकुळाच्या नावावर कागद नसतो, कागद नाही म्हणून सोसायटीचे कर्ज नाही. तो खाजगी दुकानातून उधारीवर खत उचलतो, आणि उधारीवर घेणाऱ्याला भाव करता येत नाही.

बाहेरचा वायू कशाला, याच शेतांखाली वायू आहे, तो काढा, असे सांगणारे आहेत. गावांनी त्याला नकार दिला. २०१७ मध्ये कदिरामंगलममध्ये तेलवाहिनी फुटली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. २०२० मध्ये तमिळनाडू विधानसभेने हा टापू संरक्षित कृषी क्षेत्र ठरवणारा कायदा केला. सेंद्रिय शेतीचे थोर प्रचारक जी. नम्माळ्वार तंजावर जिल्ह्यातलेच. शेतांखालचा वायू काढण्याच्या मिथेन प्रकल्पाविरुद्ध गावोगाव फिरत असतानाच ३० डिसेंबर २०१३ रोजी पट्टुकोट्टैजवळ त्यांनी देह ठेवला. पिण्याचे पाणी आणि काळी माती गमावून स्वस्त खत नको, हा गावांचा निर्णय आम्हाला शहाणपणाचा वाटतो.

मग उरतो तो मार्ग खताची गरजच कमी करण्याचा. त्याची साधने गावात आहेत. सांबाच्या आधी ढैंचा पेरून फुलोऱ्याला चिखलात गाडला, की नायट्रोजनचा मोठा भाग शेतातच तयार होतो. आणि हिरव्या छटांची एक प्लास्टिकची पट्टी मिळते. सकाळी आठ-दहाच्या सुमारास, अंगाच्या सावलीत, वरचे पूर्ण उमललेले पान तिच्यावर धरायचे. रंग चौथ्या छटेपेक्षा फिकट असेल तरच युरिया टाकायचा. पोन्नी जातीच्या भाताला तिसरी छटा पुरते. ज्या शेतकऱ्याच्या हाती ही पट्टी आहे, तो शेजाऱ्याचे बघून गोणी फोडत नाही.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. अनुदान चालूच राहावे. जगाच्या बाजारात शेतकऱ्याला एकटे सोडून चालणार नाही. पण त्यातला ठरलेला वाटा ढैंच्याच्या बियाण्याला, शेणखताला आणि माती परीक्षणाला मिळावा. युरिया आणि पोटॅश यांच्या भावातली दरी कमी व्हावी. आणि सातबारा असो वा नसो, जो प्रत्यक्ष कसतो त्याला सोसायटीत खत आणि कर्ज मिळावे. हे जितके तंजावरला हवे आहे, तितकेच भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यालाही.

लढाया थांबवणे शेतकऱ्याच्या हाती नाही. त्यांचा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर पडू न देणे मात्र आपल्या, म्हणजे त्याचा भात खाणाऱ्या सर्वांच्या हाती आहे.

– संपादक