वडनगरची कुमारशाळा

वडनगरचे नाव बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत पूर्वी दोन कारणांनी निघे. एक तेथील कीर्तितोरण, आणि दुसरे ताना-रीरीची आख्यायिका. श्री. नरेंद्र मोदी २०१४ साली पंतप्रधान झाले आणि त्यांचे जन्मगाव म्हणून हे गाव सर्वतोमुखी झाले. ते ज्या प्राथमिक शाळेत शिकले त्या १८८८ सालच्या कुमारशाळेचा जीर्णोद्धार होऊन तेथे ‘प्रेरणा’ नावाचा उपक्रम २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला. पुढच्याच जानेवारीत तेथील नव्या संकुलाचे उद्घाटन झाले. देशाच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून नववी ते बारावीचे विद्यार्थी तेथे आठवडाभर राहावयास येतात. एका तुकडीत दहा मुले व दहा मुली असतात.

जुनी इमारत पाडली नाही, हे उत्तमच झाले. आपल्याकडे जुन्या शाळांचे पत्रे उडतात, भिंती खचतात आणि मग त्या जागी दुकानांचे गाळे उभे राहतात. तथापि, बाहेरगावच्या मुलांना ही शाळा एका विद्यार्थ्याची शाळा म्हणून दाखविली जाते, आणि त्यामुळे तिचा अर्धाअधिक इतिहास झाकला जातो. ही शाळा निघाली कशी आणि पुढे वाढली कशाने, हा प्रश्न आपल्या घरच्या इतिहासाचाही आहे. वडनगर बडोदे राज्याच्या कडी प्रांतात मोडे. त्या प्रांतात वहिवाटदार किंवा शाळाखात्यातील कामगार म्हणून नोकरी केलेले आजोबा-पणजोबा आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांत निघतील.

१८८८ साली सयाजीराव महाराजांना राज्याची सूत्रे हाती घेऊन सातच वर्षे झाली होती. शाळा होती, पण मुलाला तीत धाडणे न धाडणे बापाच्या मर्जीवर होते. अशा मर्जीवर चालणाऱ्या शाळेत कोण येते, हे सांगावयास नको. वाण्याब्राह्मणांची मुले येत. कुणब्याचे पोर गुरांमागे जाई. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मागणी केली होती की, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. इंग्रज सरकारने ती ऐकली नाही. बडोद्याने १८९३ साली अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीचा प्रयोग आरंभिला, आणि १९०६ साली कायदा करून तो सबंध राज्याला लावला. मुलांस सात ते बारा व मुलींस सात ते दहा वर्षे अशी मर्यादा होती. शिक्षण मोफत होते. त्या सालापासून वडनगरच्या शाळेचा पट हा गावाच्या मर्जीचा विषय राहिला नाही.

नामदार गोखल्यांनी मार्च १९१० मध्ये वरिष्ठ कायदे कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचा ठराव मांडला, तेव्हा त्यांचे मुख्य उदाहरण बडोद्याचे होते. त्यांनी आकडे दिले ते असे : शाळेच्या वयाच्या मुलांपैकी बडोद्यात शेकडा ७९.६ शाळेत, तर ब्रिटिश मुलखात २१.५. मुलींत बडोद्यात ४७.६, ब्रिटिश मुलखात अवघ्या ४. पुढच्या वर्षी त्यांनी विधेयक आणले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कलकत्त्याच्या कौन्सिलाला जे परवडत नव्हते ते कडी प्रांतात चालू होते!

अर्थात आपल्या राज्याचे गोडवे गाताना हात जरा आखडताच घेतला पाहिजे. मूल शाळेत आले नाही तर दंड बापाला होई, आणि हंगामात ज्याला पोराच्या हातांवाचून गत्यंतर नाही त्या गरिबालाच तो भरावा लागे. चार इयत्ता शिकून बाहेर पडलेली मुले वाचणे विसरून जात. १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणून गावोगाव ग्रंथालये उभारावी लागली, त्यामागे हेही एक कारण होते. अस्पृश्य मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवल्या गेल्या. तेथे शिकवावयास सवर्ण मास्तर मिळेनात, म्हणून प्रथम मुसलमान शिक्षक नेमले आणि १९०८ मध्ये पंडित आत्माराम या आर्यसमाजी गृहस्थांना पंजाबातून बोलावून घ्यावे लागले. ‘कुमारशाळा’ हे नावच सांगते की मुलींचे बाक या भिंतींच्या आत नव्हते.

१९४९ साली राज्य मुंबई इलाख्यात विलीन झाले, १९६० पासून गाव गुजरातेत आले. शाळा मात्र चालत राहिली. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात आणि १९०६ च्या कायद्यात एक फरक मला मोठा वाटतो. जुन्या कायद्याचा बडगा बापावर होता. नव्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा पुरविण्याचे बंधन सरकारवर घातले आणि तीही घराजवळ. आता पटसंख्या घटली म्हणून लहान गावांच्या शाळा शेजारच्या शाळेत मिळविण्याचे जे चालले आहे ते या बंधनाच्या उलट जाणारे आहे. कडी प्रांतातली शाळा १८८८ साली पट पाहून थांबली असती, तर १९०६ ला सक्ती लावावयास शाळाच उरली नसती.

तेव्हा वडनगरच्या त्या इमारतीत एक खोली जुन्या पटांसाठी राखावी. १९०६ चा कायदा, दंडाच्या नोटिसा, इन्स्पेक्टरांचे शेरे, आणि ज्यांची नावे पटावर आली पण पुढे कोठे आली नाहीत त्यांची यादी तेथे असावी. यातले काही कागद सरकारी दफ्तरात मिळतील. काही मात्र येथेच, आपल्या माळ्यांवरच्या पेट्यांतून पडले असतील. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी कोणी उघडून पाहतील काय?