८४१ मतं आणि लॉकरमधलं मतदार ओळखपत्र

बुलढाण्याची पोरं पुण्यात भेटली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, 'आपल्याकडे काहीच नाही बावा!' आणि दुसरं, 'एका मतानं काय फरक पडते?' पहिल्याबद्दल पुन्हा कधीतरी. दुसऱ्यावर मात्र आज भांडायचंच आहे.

२३ नोव्हेंबर २०२४. बुलढाणा विधानसभेचा निकाल. शिंदेंच्या शिवसेनेचे संजय गायकवाड ९१,६६०. ठाकरेंच्या शिवसेनेच्या जयश्री शेळके ९०,८१९. फरक ८४१. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनला दुपारी एक वाजता याहून जास्त माणसं रांगेत असतात, आणि त्यातले किमान चार तरी बुलढाणा-मोताळ्याकडचे निघतात. आता हिंजवडी, खराडी, मगरपट्टा सगळं धरून बेरीज करा. मतदान बुधवारी होतं, सुट्टी जाहीर झालेली होती. किती जण गेले? बहुतेक जण 'वीकेंड असता तर गेलो असतो' गटातले.

यावर आपल्या ग्रुपवरचे विश्लेषक म्हणतात, 'तो शिवसेनेचा बालेकिल्लाच आहे रे, ठरलेलंच असतं.' काय ठरलेलं असतं? २००९ ला सेनेचे विजयराज शिंदे आले. २०१४ ला युती आणि आघाडी दोन्ही फुटल्या आणि त्या गर्दीतून काँग्रेसचे हर्षवर्धन सपकाळ निवडून आले. तेव्हा मनसेकडून हरलेले गायकवाड २०१९ ला सेनेचे आमदार झाले आणि सेनेचे जुने शिंदे त्यांच्याविरुद्ध वंचितकडून लढले. २०२४ ला तर सेना विरुद्ध सेना, त्यातही शेळके निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसमधून आलेल्या. उमेदवार तेच, पाट्या बदलत्या. याला बालेकिल्ला म्हणायचं असेल तर एसटी स्टँडलाही म्हणा. लोक येतात, गाड्या बदलतात, जातात.

आणि पुढचं ऐका. जानेवारी २०२५ मध्ये मोताळा तालुक्यातल्या एका कार्यक्रमात आमदारसाहेबांनी मतदारांनाच झापलं. दारू-मटणाला, दोन-पाच हजारांना विकले गेलात म्हणून. त्यापुढचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. जो माणूस उन्हात रांगेत उभा राहिला त्याने शिव्या खाल्ल्या. आपण एसीत बसून तो व्हिडिओ फॉरवर्ड केला, खाली हसण्याच्या स्मायली टाकल्या. वा!

'मग काय, दर वेळी चारशे किलोमीटर जायचं?' नाही. इथेच माझं आणि भावनिक मंडळींचं जमत नाही. 'गावाकडे घर आहे, सातबारावर नाव आहे, मत तिथलंच' हे ऐकायला छान आहे, पण १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा स्पष्ट सांगतो की नुसतं घर मालकीचं असलं म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. दोन मतदारसंघांत नाव ठेवणं तर बेकायदाच. ('दोन्हीकडे आहे' असं कॉलर ताठ करून सांगणारे मला माहीत आहेत. असो.) दहा वर्षं वाकडला राहून, इथला ईएमआय भरून, इथल्या टँकरचं पाणी पिऊन मत मात्र बुलढाण्याच्या लॉकरमध्ये ठेवायचं, आणि तेही वापरायचं नाही, हा कुठला न्याय?

गंमत म्हणजे हिंजवडी स्वतःच भोर विधानसभेत येते. आयटी पार्कचा आमदार कोण हे ठरवतात भोर, वेल्हे, मुळशीची गावं, आणि आपण ट्रॅफिकवरून ट्विटरवर बोंबलतो. शेजारी चिंचवडला सहा लाखांवर मतदार आहेत आणि २०२४ ला तिथला फरक लाखाच्या वर. तिथे एक मत खरंच हलकं वाटतं, मान्य. पण रस्ता तुम्ही तिथलाच वापरता ना?

गावाकडचं मत जपायचा खरा हक्क आहे तो काही महिन्यांसाठी बाहेर पडणाऱ्यांना. त्या वर्षीचा ऊसगाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान २० ला. कोयता घेऊन फडावर गेलेल्या जोडप्याने मत द्यायला कसं परतायचं? निवडणूक आयोगाने १६ जानेवारी २०२३ ला पक्षांना दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना दाखवायला बोलावलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. पक्षांनी शंका काढल्या, त्यातल्या काही रास्तही होत्या. पण २०२४ ला ते यंत्र कुठेच दिसलं नाही. यावर आपल्यासारख्यांनी, ज्यांचं पोटच सिस्टिम तपासण्यावर चालतं, काही बोलायला हवं होतं. आपण काय बोललो? 'काही नाही बावा.'

फॉर्म ८ भरा. पत्ता बदलण्यासाठी आता तोच चालतो, ऑनलाईन आहे, आणि आपल्या टाइमशीटपेक्षा नक्कीच सोपा आहे. 'मग बुलढाण्याचं काय?' असं आता विचारू नका. ते तिथे राहणारे बघतील. रेल्वेसाठी अजून मलकापूर गाठावं लागतं ते त्यांना, आपल्याला दिवाळीपुरतंच.